ओली पावलं

दिवे लागले तरी सिनेमा कुणाला दाखवायचा ते ठरवणाऱ्या समितीतल्या चौघांपैकी कुणी खुर्चीतून हललं नाही. पडद्यावरची नावं सरकून संपली, तेव्हा कुठे मुख्याध्यापकांनी घसा खाकरला.

"फक्त प्रौढांसाठी. यात चर्चा कसली करायची?"

दातांची डॉक्टर समितीत नवीन होती. तपासायचा तिचा हा पहिलाच सिनेमा. बाहेर जिन्यात दिग्दर्शिका ताटकळत उभी होती. सिनेमा तिने शाळेतल्या मोठ्या मुलांसाठीच काढला होता, आणि आता नेमकी तीच मुलं दाराबाहेर राहणार होती.

गोष्ट तशी साधी. तळ्यात बुडालेला मुलगा रोज संध्याकाळी घरी येतो आणि जेवायच्या टेबलाशी आपल्या खुर्चीत बसतो. फरशीवर ओली पावलं उमटतात. आई ती मुकाट्याने पुसते. बाप वर्तमानपत्रात तोंड खुपसतो. घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. शेवटी धाकटी बहीण त्याला नावाने हाक मारते. तो हसतो, उठतो आणि दार उघडून निघून जातो.

"पोरांची झोप उडेल," मुख्याध्यापक म्हणाले. "ती पावलं बघून माझ्याच अंगावर काटा आला."

"माझ्याही आला," वकीलबाई म्हणाल्या. "पण रक्ताचा थेंब नाही, एक शिवी नाही. कुठल्या नियमात बसवू?"

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. बोलायची वेळ आली की आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यायचे. "डॉक्टर, तुम्ही बोला."

तिला होला हो म्हणून मोकळं होता आलं असतं.

"सर, माझ्याकडे रोज घाबरलेली मुलं येतात. सुईला ती फारशी घाबरत नाहीत. 'काही नाहीये बाळा, काहीच नाहीये' म्हणणाऱ्या आईला घाबरतात. काहीतरी आहे, हे त्यांना केव्हाच कळलेलं असतं. मी सुई दाखवते, थोडं दुखेल म्हणून सांगते. मग आ करतात." ती पडद्याकडे वळली. "तो मुलगा आला तेव्हा मला काही वाटलं नाही. आई फरशी पुसायला लागली, तिथे मी घाबरले."

"दात आणि भूत एकाच मापाने मोजताय तुम्ही!" मुख्याध्यापक उसळले.

"पोरं दोन्हीकडे तीच असतात, सर."

वकीलबाई फिसकन हसल्या. अध्यक्ष बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "शेवटचा भाग पुन्हा लावा."

पुन्हा अंधार झाला. पडद्यावर बहिणीने हाक मारली, तेव्हा डॉक्टरने सहज बाजूला पाहिलं. अध्यक्षांचे ओठ हलत होते. ते कुणाचं तरी नाव घेत होते. तिला ऐकू आलं नाही.

दिवे लागले. अध्यक्षांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

"बारा वर्षांवरच्या सगळ्यांना दाखवायचा. एकही दृश्य कापायचं नाही. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

दोघींचे हात लगेच वर गेले. मुख्याध्यापक छताकडे बघत राहिले. "शेजारी एखादं मोठं माणूस असावं, एवढं तरी लिहा."

"लिहू."

त्यांचाही हात वर गेला.

डॉक्टर जवळजवळ पळतच जिन्यात आली. दिग्दर्शिकेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती कापलं?"

"काहीच नाही. मुलं बघणार!"

दिग्दर्शिकेने अशी आरोळी ठोकली की खालचा पहारेकरी काय झालं म्हणून धावत वर आला. तिने त्यालाच मिठी मारली.

मागे दार उघडंच होतं. आत अध्यक्ष खिडकीशी उभे राहून मुलीशी फोनवर बोलत होते.

"रविवारी नातीला घेऊन ये. सिनेमाला जायचंय... हो, भुताचाच. तूही चल." त्यांनी चष्मा काढला. "अगं, तुला एक काका होता."