नवा वाडगा

"ब्रेड नाही, जव नाही. आता काय, गवताचं पाणी प्यायचं?" श्यूर शेजारी बसलेल्या रागनाच्या कानात कुरकुरला.

"हळू बोल. चुलीपाशीच उभा आहे तो."

चुलीपाशी तोर्गेर बिअरच्या पिंपाचं झाकण उघडत होता. घरची बिअर तयार झाली की शेजाऱ्यांनी यायचं, बाकांवर दाटीवाटीनं बसायचं आणि एकच लाकडी वाडगा हातोहात फिरवायचा, ही फ्योर्डकाठच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, या शेतांवरची रीत. तोर्गेरच्या घरी सगळे त्याच्या बायकोच्या, गुन्वोरच्या तोंडाकडे बघायचे. ती घोट जिभेवर घोळवायची. ती म्हणेल तशी बिअर.

मग गहू आणि जव तिला बाधायला लागले. त्यांतल्या ग्लूटेनमुळे, डॉक्टर म्हणाले. आणि बिअर तर जवाचीच. एक घोटसुद्धा चालायचा नाही, लगेच अंथरूण धरायची. तेव्हापासून रागना वाडगा तिच्या मांडीवरून पलीकडे द्यायची, थेंब सांडू नये म्हणून खाली हात धरून. गुन्वोर कॉफी प्यायची, हसत हसत मटण वाढायची. बिअर कशी झालीय, हे तिला कुणी विचारत नसे. विचारणार तरी कसं?

यंदा तोर्गेरनं घरात जव येऊच दिला नाही. त्याऐवजी ग्लूटेन नसलेल्या कुट्टूच्या दाण्यांना मोड आणले, वाळवले, भरडले. आजोबांपासून चालत आलेलं यीस्ट जवावरच पोसलेलं, म्हणून ते कपाटात राहिलं आणि दुकानातली पुडी आली. जुना वाडगाही वर्षानुवर्षं जवाची बिअर प्यायलेला. तो भिंतीवर टांगला आणि बर्चच्या लाकडाचा नवा कोरला. ओठांवरचा कण त्यात पडायला नको, म्हणून आज ब्रेडही नव्हता. नुसतं सुकं मटण आणि बटाटे.

एकच गोष्ट राहून गेली. यीस्ट घालताना खच्चून आरोळी ठोकायची असते, नाहीतर बिअरला जोर येत नाही. पण पुडीतल्या यीस्टपुढे ओरडायची तोर्गेरला लाज वाटली.

वाडगा फिरू लागला.

"वेगळीच आहे," श्यूर म्हणाला आणि घाईनं मटणाकडे वळला.

"तब्येतीला चांगली असेल," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"रंग छान आलाय हं," रागना म्हणाली. आणि सवयीनं तिनं वाडगा उचलून गुन्वोरच्या मांडीवरून पलीकडे धरला. हात मधेच थांबला.

"अगं बाई गं," ती पुटपुटली आणि वाडगा गुन्वोरच्या हातात ठेवला.

गुन्वोरनं दोन्ही हातांनी तो धरला. डोळे मिटले. घोट घेतला, घोळवला. मग आणखी एक. सगळे आपापल्या ताटात बघत होते. तोर्गेर पिंपाचं झाकण छातीशी धरून उभा होता. कान लालबुंद.

"आरोळी ठोकली नाहीस ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"वाटलंच. भिकार झालीय."

सगळ्यांच्या माना ताटांतून वर आल्या. मग श्यूरला हसू फुटलं, त्याच्या मागोमाग सगळ्यांना, शेवटी तोर्गेरला. हसता हसता रागनानं वाडगा पलीकडे द्यायला हात पुढे केला.

गुन्वोरनं तो आणखी जवळ ओढला.

"हात मागे घे, रागना. माझं पिऊन झालेलं नाही."