पहिलं पाणी

शून्य.

लेकीने बटण आणखी फिरवलं. मीटरची सुई जागची हलेना. काचेच्या टाकीत धातूच्या पट्ट्या उभ्या, दोन्ही तारा घट्ट, आणि पाणी फिकट करडं होतं ते तसंच.

"रुसलीय," रंगारी म्हणाला.

"बाबा, गप्प बसा."

बसला. तासाभरात तपासनीस येणार होता. पाणी बिनरंगी करून दाखवता आलं नाही, तर कारखान्याच्या नाल्याला सील, मग रंगाच्या कढया थंड. या टाकीपायी लेकीने दोन वर्षं घातली होती. विजेने रंग फोडायचा. गाळायचा नाही, पुरायचा नाही, कणन् कण मोडायचा. जेवताना ती हे सांगायची, तेव्हा तो मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, माझाच रंग मोडतेय की ही.

शून्य.

तिने तारा काढल्या, घासल्या, पुन्हा लावल्या. नाकाच्या शेंड्यावर घाम आला. लहानपणी गणित अडलं की असाच यायचा. रंगाऱ्याला राहवेना.

"मी तर मुद्दाम हलकं पाणी भरलंय. तुला जड जायला नको म्हणून."

तिचे हात थांबले. "हलकं म्हणजे?"

"शेवटच्या धुण्याचं. सहा पाण्यांनंतरचं."

आता बोलणी बसणार, म्हणून त्याने खांदे आवळले.

"त्यात मीठ असेल?"

"मीठ कुठलं? कापडावर रंग चढावा म्हणून मीठ घालतो, ते सगळं पहिल्याच पाण्यात निघून जातं."

"मग मिठाशिवाय वीज पाण्यातून जाणार कशी, बाबा?"

तो बादली घेऊन पळाला. गुडघ्यांचं नंतर बघू. परत आला तेव्हा बादलीत काजळ कालवल्यासारखं पाणी होतं.

"हे? अगं, हे दाखवायची लाज वाटते."

"हेच ओता."

तीन.

सात.

अकरा. पट्ट्यांवर बुडबुड्यांची गर्दी झाली. टाकी खदखदून हसतेय असं रंगाऱ्याला वाटलं. काळा जांभळट झाला. जांभळट तपकिरी, कोऱ्या चहासारखा. वीस वर्षं घोटून बसवलेला त्याचा काळा, आणि रंगारीच टाकीशी वाकून त्याला म्हणत होता, "जा रे बाबा, जा. मागे बघू नकोस."

"कुणाशी बोलताय?"

"तू सुईकडे बघ."

चहाचा पिवळा झाला. मग पिवळाही नाही.

तपासनीस आला. टाकीतलं पाणी काचेच्या भांड्यात घेऊन त्याने ते खिडकीपाशी नेलं. पलीकडच्या भिंतीची वीट न् वीट पाण्यातून दिसत होती.

"रंग गेला खरा," तो म्हणाला. "पण मोडलेल्या रंगाचे तुकडे रंगापेक्षा हट्टी असतात. ते दिसत नाहीत."

"म्हणून आधीच्या चाचण्यांत आठ वेळा तपासलंय," लेक म्हणाली. "तुम्हीही तपासा."

त्याने बाटली भरून घेतली. सीलची पिशवी उघडली होती, ती बंद केली. "निकाल येईपर्यंत चालू राहू दे."

लेक मटकन स्टुलावर बसली. नाकावरचा घाम पुसायचंही तिला सुचलं नाही.

"कुठला रंग होता हा?" तपासनिसाने जाता जाता विचारलं.

"काळा, साहेब." गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा फुगायची तशी रंगाऱ्याची छाती फुगली. "कुठेही न्या, कसाही धुवा. आमचा काळा कधी जात नाही."

तिघांनी भांड्याकडे पाहिलं. हसू आधी फुटलं ते तपासनिसाला.