आल्बेनरीटचं अक्षर

मठाचा कारभारी वोल्फहार्ट याने चर्चच्या दारावरचा कागद ओरबाडून काढला आणि समोर गोळा केलेल्या गावाला दाखवला.

"हे ज्यानं लिहिलंय त्यानं पुढं यावं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं जातील. कुणी आलं नाही, तर गावातलं एकही छप्पर राहणार नाही."

त्याच्या मागे बारा घोडेस्वार होते. लढाई हरून जेमतेम महिना झाला होता. आल्बेनरीटमधून मठाविरुद्ध लढायला गेलेल्या एकोणीस जणांपैकी सातच परत आले होते. आता गाव मान खाली घालून मठाचं गवत कापायला लागेल, अशी मठात सगळ्यांची समजूत होती. आणि रविवारी सकाळी हा कागद. जंगलातलं लाकूड आम्ही तोडणार, ओढ्यातले मासे आम्ही धरणार, मठाच्या शेतात फुकट राबणार नाही. त्याच जुन्या मागण्या, जणू कुणी हरलंच नव्हतं.

अक्षर मात्र ओळखू येत नव्हतं. छापील पुस्तकातल्यासारखं, सुटं सुटं आणि ताठ. मठाचा लेखनिक लीनहार्ट याने कागद उजेडात धरून पाहिला होता आणि हा शिकलेल्या माणसाचा हात नाही, कुणीतरी बघून बघून शिकलाय, असं सांगितलं होतं. गावात अक्षरओळख असलेला माणूस एकच, चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा फाइट. त्याला स्वतःचं नाव काढता यायचं. कारभाऱ्याची नजर फिरून फिरून त्याच्यावरच येत होती.

वालबुर्गाने ते पाहिलं. ती गावासाठी बिअर बनवायची. तिचा नवरा लढाईतून न परतलेल्या बारा जणांत होता. कारभारी फाइटचं नाव घेणार, इतक्यात ती पुढे झाली.

"मी लिहिलंय."

कारभाऱ्याला हसू आवरेना. बिअरवालीला लिहिता कधीपासून यायला लागलं, असं त्याने विचारलं.

"तुम्ही बोटं कापायला आलात, का माझी शाळा घ्यायला?" वालबुर्गा म्हणाली.

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. कारभाऱ्याचं हसू मावळलं. त्याने चर्चमधलं मेज बाहेर आणवलं आणि लेखनिकाला कागद, शाई मांडायला सांगितली. पहिली ओळ लिहून दाखव, म्हणाला.

लीनहार्टने पिसाची लेखणी पुढे केली. वालबुर्गाने ती हिसकावून घेतली आणि जरा लांब उभा राहा, तुझ्या अंगाला मठाच्या रोटीचा वास येतो, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याला सुनावलं. मग ओठ दातांत धरून ती लिहायला लागली. एकेक अक्षर कुंपणाच्या खुंटासारखं उभं राहत गेलं.

लीनहार्टने दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ तो वाकून पाहत राहिला.

"अक्षर तेच आहे," तो म्हणाला.

दोन स्वारांनी वालबुर्गाचा हात मेजावर दाबून धरला. तिसऱ्याने सुरा काढला. तिने डोळे मिटले नाहीत.

"ही खोटं बोलतेय," मागून क्विरिन गिरणीवाला ओरडला. "मेली उगाच भाव खातेय. मी लिहिलंय ते."

कारभाऱ्याने सुरा थांबवला आणि त्यालाही लिहायला लावलं. लीनहार्टने पाहिलं. तेच अक्षर. मग लोहार पुढे आला आणि गिरणीवाल्याला तर पोत्यावर फुलीसुद्धा धड मारता येत नाही, कागद आपला आहे, असं सांगू लागला. मग मेंढपाळाची बायको आली. मग तिची सासू. फाइटही आला. त्याचीही ओळ तशीच उतरली. दुपारपर्यंत मेजापुढे रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण आपल्या पुढचा माणूस लबाड आहे असं शपथेवर सांगत होता.

कारभाऱ्याला वाटलं, यांनी एकच ओळ घोकलेली असणार. त्याने वालबुर्गाला पुन्हा पुढे ओढलं आणि शेवटची ओळ लिहायला सांगितलं. तिने तीही लिहिली. ओढा देवाने वाहता केला, मठाने नाही.

"कोण?" कारभाऱ्याने लेखनिकाची गचांडी धरली. "यातला खरा कोण?"

लीनहार्टच्या टकलावर घाम आला होता. "तेवीस माणसं आहेत, साहेब, आणि अक्षर एकच. मला नाही सांगता येत."

"कापा की सगळ्यांची," वालबुर्गा म्हणाली. "छपरंही जाळा. आम्ही जंगलात जाऊन राहू. मठाच्या कुरणात गवत कमरेएवढं झालंय, ते कापायला मग तुमचे संन्यासी पाठवा. बोटं शाबूत आहेत त्यांची."

कारभाऱ्याने चाबूक उचलला आणि तिच्या तोंडावर मारला. गालावर रक्त आलं. तिने ते पुसायला हात वर नेला नाही. गाव जागचं हललं नाही आणि कुणी मानही खाली घातली नाही. कारभारी क्षणभर त्या माणसांकडे पाहत राहिला. गवत आठवड्याभरात कोठारात आलं पाहिजे, असं मठाधिपतींनी त्याला निघताना दोनदा बजावलं होतं. तो घोड्यावर चढला आणि मागे न बघता निघाला. स्वार त्याच्या मागे गेले.

लेखनिक एकटाच मेजापाशी कागद गोळा करत राहिला. क्विरिनने चिखलाचं ढेकूळ त्याच्या पाठीवर फेकून मारलं. शेवटच्या स्वाराने वळून पाहिलं, हसला आणि वळणाआड गेला.

टापांचा आवाज विरला. वालबुर्गा मेजापाशी आली, खाली पडलेले दोन कागद तिने उचलले आणि लेखनिकाच्या हातात दिले.

"पुढच्या वेळी अक्षर जरा मोठं काढ, लीनहार्ट," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हाताऱ्यांना गिरवायला फार जड जातं."