दुसरबीडचा हिंमतराव

“‘...मग मी सगळ्यांचं ऐकून घेतलं, पण पऱ्हाटी काही उपटली नाही. दोन पाणी जास्तीचे दिले. होळीपर्यंत कापूस वेचत होतो, राव!’” मोतीरामकाकांनी मोबाइल हातभर लांब धरून वाचलं आणि मान वर केली. “पाहा उकंडराव, काय हिंमत हाय गड्याची!”

आत कणीक मळणाऱ्या उकंडरावांच्या लेकीचा, निशिगंधाचा, हात थांबला. ते वाक्य तिचं होतं. अगदी ‘राव’सकट.

धामणगाव बढ्यातली ही बी.ए. झालेली पोर तीन वर्षं एका कथांच्या अ‍ॅपवर लिहीत होती. प्रेमकथा, माहेरकथा, एक भुताचीसुद्धा. आपण जीव ओतून लिहावं आणि खाली प्रतिक्रिया यावी, ‘छान! माझीही कथा वाचा.’ वाचक नऊ, फार तर अकरा. त्यातलं एक जण दर वेळी न चुकता पाच तारे देऊन मुकाट निघून जायचं. ती सुलतानपूरची मैत्रीण आलिमा असणार, असं तिनं धरून ठेवलं होतं. घरी तर आनंदच. बाबा ओट्यावर मोबाइल घेऊन बसत ते कापसाचे भाव पाहायला. लेक काय लिहिते, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मग अ‍ॅपवर ‘मातीतली यशोगाथा’ ही स्पर्धा निघाली. पोरीच्या नावानं शेतीचं कोण वाचणार? तिनं नवं खातं उघडून हिंमतराव नावाचा कास्तकार जन्माला घातला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला दुसरबीडला नेऊन बसवला आणि त्याला फरदड ठेवायला लावली. फरदड म्हणजे डिसेंबरात पऱ्हाटी, कपाशीची झाडं, उपटायची सोडून पाणी देत ठेवायची आणि उन्हाळ्यापर्यंत कापूस घ्यायचा. असं करू नका, बोंडअळीला वर्षभर खायला मिळतं, असं शेती खात्याची माणसं घसा कोरडा करून सांगत होती. पण गोष्टीत थोडं धाडस लागतं. वर तिनं ‘काल्पनिक’ असं लिहिलंही होतं.

आठवड्यात साठ हजार वाचक झाले. तिचे पाय जमिनीला लागेनात. मग कोणीतरी ती गोष्ट उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली आणि त्या उचलाउचलीत ‘काल्पनिक’ तेवढं गळालं.

“पण काय हो,” बाहेर मोतीरामकाका म्हणत होते, “माह्यी सासुरवाडी दुसरबीडची. असा कोणी हिंमतराव मले त ऐकू नाही आला कधी.”

“हाय,” बाबा म्हणाले. “मले माहीत हाय.”

काका गेल्यावर बाबांनी आत येऊन सांगितलं, “यंदा आपणबी पऱ्हाटी ठेवू.”

निशिगंधा पिठाच्या हातानं उठली. बीटी कपाशी आल्यापासून या माणसानं पऱ्हाटी उपटायचा एकही डिसेंबर चुकवला नव्हता. उकंडरावाची पऱ्हाटी आणि सरकारी सुट्टी यांची तारीख बदलत नाही, असं गाव चेष्टेनं म्हणायचं.

“बाबा, मोबाइलवरचं समदं खरं नसते.”

“समदं नसते. पण हे लिहिणारा जाणता हाय. किती सोपं करून सांगते! असंच लिहीत राहो.”

तीन वर्षांत तिच्या लिहिण्याचं या घरात झालेलं हे पहिलं कौतुक. ते हिंमतरावाच्या नावावर जमा झालं तरी गोड वाटलं. तो मी आहे, असं त्या क्षणी म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर कौतुकही गेलं असतं. ती पुन्हा कणकेकडे वळली. पुढे आयुष्यात तिनं कितीतरी गोष्टींचा पस्तावा केला, पण त्या कणकेकडे वळण्याइतका कशाचाच नाही.

त्या वर्षी खरंच दोन वेचे जास्तीचे झाले. बाबांनी न मागता तिला एक टेबल आणून दिलं. “खाली बसून पाठ दुखत असंन,” एवढंच म्हणाले. ती बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, त्यासाठी असेल, असं तिला वाटलं.

पुढच्या हंगामात पातीफुलं लागताच अळी आली. फवारण्या झाल्या, नर पतंग पकडायचे कामगंध सापळे झाले. दिवाळीनंतर बोंडं फोडावीत तर आत गुलाबी अळी आणि कापसाच्या न फुललेल्या पिवळ्या कवड्या. कृषी सहायकानं एकच प्रश्न विचारला, “मागच्या साली फरदड ठेवली होती का?” बाबांनी हो म्हणून मान हलवली. ते हिंमतरावाचं नाव घेतील म्हणून ती वाट पाहत राहिली. त्यांनी घेतलं नाही.

उभ्या पिकात नांगर घालायचा ठरला त्या सकाळी ती त्यांच्या मागोमाग शेतात गेली. बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले होते. तिला राहवेना.

“बाबा, दुसरबीडले हिंमतराव नाहीच कोणी. ते समदं म्या मनानंच लिवलं होतं. तुमचं वावर म्या बुडवलं.”

ती रडायला लागली. बाबांनी तिला रडू दिलं. मग धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं.

“मनानं लिवलं, हे नोतं माहीत,” ते म्हणाले. “पण तू लिवलं, हे पहिल्याच ओळीले समजलं. तुह्या समद्या गोष्टी वाचतो म्या. दुसरा कोणी हिंमतराव असता, त म्या डिसेंबरातच पऱ्हाटी उपटली असती, बाई.”