तिसरा ताव

“टाका खरा असेल, तर मधल्या थरातूनही जातो गं पोरी,” शिवणकाम करणारी आई तिला सांगायची. प्रयोगशाळेतला नियमही तोच: कणांच्या टकरीतून प्रचंड विद्युतभाराचा अनोखा कण निघालाच, तर प्लास्टिकच्या एकावर एक रचलेल्या चारही तावांवर खूण सोडणार. वीस वर्षं तिथली तंत्रज्ञ म्हणून सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून ती तेच शोधत होती. यंदा खूण पहिल्या, दुसऱ्या नि चौथ्या तावावर सापडली, तिसरा कोरा. तरी आज भरल्या सभागृहात प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी शोध जाहीर केला. “तिसरा ताव कुठाय?” एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं. साहेब हसले. “आमच्या तंत्रज्ञबाई जरा वेंधळ्या. हरवला त्यांनी.” सभागृहही हसलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली. “हरवला नाही, साहेब! कोरा निघाला, म्हणून तुम्ही मला तो लपवायला सांगितलंत, आणि नोकरीपायी मी मेलीनं लपवला.”