सात नंबरचा टब

"मावशी, दुप्पट खरकटं घाला यांना. चार दिवसांत फुगतील," निरंजन साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाला. पाचव्या दिवशी कोंबडीखाद्यवाला अळ्यांचा माल बघायला येणार होता.

गिरजाबाईने सात नंबरच्या टबातल्या मूठभर अळ्या तळहातावर घेतल्या. मध्ये खरकटं पुरवणारी कंपन्यांची कॅन्टीनं आठवडाभर बंद होती, तेव्हा नेमकी याच टबाची उपासमार झाली होती. शेजारच्या टबातल्या अळ्या पांढऱ्या, गुबगुबीत. या निम्म्या अंगाच्या, आणि तरी काळ्या पडलेल्या.

"आता न्हाई खायच्या, साहेब. काळी पडली की अळी तोंड मिटती. पुढं कोष, मग माशी. अन् माशी काय वाढत न्हाई, हाय एवढीच ऱ्हाती."

"अहो, पण पोट कुठे भरलंय त्यांचं?"

"न्हाईच भरलं. पर जरा अंग धरलं की त्या कुणासाठी थांबत न्हाईत."

साहेब निघून गेला.

कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून गिरजाबाईची लेक करिष्मा शेडवर आली. एकोणीस वर्षांची पोर, पण पालथ्या बादलीवर टेकताना "आई गं" म्हणाली. गळ्यातलं कंपनीचं कार्डही तिने काढलं नव्हतं.

गिरजाबाईने हात धुतले आणि पिशवीतून नर्सिंगचा फॉर्म काढला. दोन वर्षांपूर्वी असाच फॉर्म करिष्माने हौसेने आणला होता. तेव्हा बाप अंथरुणाला खिळलेला. गिरजाबाईनेच तिला कंपनीत धाडलं होतं.

"औंदा जमतंय गं. शनिवारपातुर भरायचाय."

करिष्माने फॉर्म वाचला, पहिल्यासारखी घडी घातली आणि परत दिला.

"तेव्हा भरू दिला असतास तर पळत गेले असते, आई. आता पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. लाईनवर हात आपोआप चालतात, तेच बरं वाटतं."

आवाजात राग नव्हता. पोर रागावली असती तर गिरजाबाईला एवढं लागलं नसतं.

गिरजाबाई उठली. ताज्या खरकट्याची भरलेली बादली तिने सात नंबरच्या टबात ओतली. काळ्या अळ्या अन्नाकडे पाठ करून टबाच्या तिरप्या फळीवरून एकीमागे एक वर चढत होत्या.

"अगं, तूच सांगतेस ना, काळ्या झाल्या की खात नाहीत म्हणून? वाया कशाला घालवतेस?"

"असू दे," फळीशी वाकून बघत गिरजाबाई म्हणाली, "एखादी वळंल मागं."