अर्धी बाटली

नवव्या दिवशीही बुरुल आपाने नानला हात लावला नाही, तेव्हा रविवारच्या मंडळींनी मेदेरला दारुडा करायचं ठरवलं.

आपाचा नवरा गेला. येशूचा माणूस म्हणून गावाने त्याला दफनभूमीत जागा दिली नाही. मंडळींनीच खडकाळ टेकडीवर कबर खणली. तेव्हापासून आपा भिंतीकडे तोंड करून पडली होती. प्रार्थना झाल्या, रस्सा झाला, पण पोटात काही जाईना.

"स्वतःसाठी ती उठायची नाही," मंडळींतला वडीलधारा ताशतान म्हणाला. "दुसऱ्याला झापायला उठेल."

"अकरा वर्षांत मी थेंब घेतलेला नाही," मेदेर कुरकुरला. "हे खोटं होईल."

"अकरा वर्षांपूर्वी घ्यायचास ना? मग फक्त साल सांगू नकोस."

मेदेर पुन्हा प्यायला लागलाय, हे ताशतानने आपाच्या कानावर घातलं. भर जानेवारीत मेदेर रोज दीड तास घोड्यावरून तिच्याकडे यायचा. खोगिराच्या पिशवीत वोडकाची जुनी बाटली, ओढ्याच्या पाण्याने अर्धी भरलेली. आपा उठून दाराशी यायची आणि पिशवी हिसकून आत न्यायची. घोडा बांधून, त्याला गवत घालून तो आत आला की त्याच्या डोळ्यांदेखत बाटली राखेच्या बादलीत रिकामी व्हायची.

"मिशीला बर्फ लोंबतोय, तरी मेल्याची घसरण थांबत नाही," आपा म्हणायची आणि त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

मग नान. पाहुण्याला नान चाखवल्याशिवाय सोडायचं नाही, आणि पहिला घास घरधनिणीने खायचा. रीत म्हणजे रीत.

मेदेर मुकाट्याने तिचे घास मोजायचा. पहिल्या दिवशी एक. पंधरवड्यात चार. फेब्रुवारीत तिने नानवर लोणी घेतलं, तेव्हा ती बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या मंडळींच्या घरी पोचली.

मार्चअखेरीस आपा स्वतःच्या पायांनी रविवारच्या प्रार्थनेला आली, आणि ताशतानच्या बायकोच्या रस्स्यात मीठ कमी आहे म्हणाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मेदेरचा तेवढा पडेना. दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातांनी तिच्याकडे गेला.

"आपा, मी तुला फसवलं. बाटलीत नुसतं पाणी असायचं."

आपा नान मोडत राहिली.

"तू घोडा बांधेपर्यंत तो बाटलीतला बर्फ रोज चुलीवर वितळवत कोण होतं? असल्या थंडीत वोडका गोठत नाही, हेसुद्धा विसरलास, म्हणजे दारू सुटली रे तुझी खरोखरच. खा आता."